मांगरातला फेस

कितूच्या तोंडाला फेस आला होता.

मांगराच्या दारात ती उभी होती. पायात एकच चप्पल, झबलं पोटापर्यंत भिजलेलं. ओठांच्या कडांना, हनुवटीवर, एका गालावर पांढरा फेस. मला बघून ती हसली, आणि हसताना तिच्या तोंडातून आणखी थोडा फेस बाहेर आला.

तिच्या मागे, आतल्या अंधुक उजेडात, काजूच्या खोडाला मारायच्या औषधाची बाटली जमिनीवर आडवी पडली होती.

मी किंचाळले, असं माई, माझ्या सासूबाई, नंतर सांगायच्या. मला ते आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की मी तिला उचललं तेव्हा ती नेहमीपेक्षा जड लागली.

मांगर म्हणजे आमच्या घरामागच्या बागेतली कौलारू खोप. एके काळी तिथे गुरं असायची. आता आप्पांचा ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, सोललेले नारळ आणि गळक्या कौलाखाली ठेवलेलं अर्धं कापलेलं निळं पिंप, एवढंच होतं. कितूला दुपारी झोपवून मी न्हाणीघरात गेले होते. मागच्या दाराची कडी मी लावली असेल असं माईंना वाटलं, आणि माईंनी लावली असेल असं मला.

"काय झाला गो?" आप्पा लोट्यावरून, म्हणजे पडवीतून, धावत आले. माझे सासरे तसे जाडजूड, सावकाश चालणारे. त्यांना मी त्याआधी कधी धावताना पाहिलं नव्हतं. त्यांनी कितूचं तोंड पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून पलीकडे मांगराकडे पाहिलं, आणि भिंतीला हात टेकला.

"बाटली," मी म्हटलं. "बाटली खाली होती."

"मीच काढलंय सकाळी. फवारूक. पाऊस इलो म्हणान तशीच ठेवलंय." ते माझ्याशी बोलत नव्हते. "देवा, माझ्या हातसून झाला ह्या."

माई तोवर स्वयंपाकघरातून आल्या, आणि एका नजरेत सगळं समजून आत पळाल्या. परत आल्या त्या तांब्या आणि मूठभर मीठ घेऊन.

"धर तेचा तोंड. धर सुमेधा, उलटी होवक व्हयी."

"नाही माई. उलटी करवायची नाही."

"गो, बघत काय रवलंस? पोर जायत हातचा!"

"असलं औषध वर येताना छातीत उतरतं. मी वाचलंय. आणि एवढं मीठ लहान मुलाला चालत नाही."

"वाचलंय!" माईंचा आवाज फाटला. "गेल्या साली वाडीतली सुलोचना औषध पिवन गेली, तेवा तू म्हायराक होतंस. तिच्या तोंडाक असोच फेस होतो. असोच! मी पुसलंय ह्या हातांनी."

मी कितूचं तोंड माझ्या छातीशी दाबून धरलं आणि पाठ फिरवली. माईंचा हात तांब्यासकट हवेत राहिला. सासूसमोर अशी पाठ मी तोवर कधी फिरवली नव्हती.

कितू दीड वर्षाची होती. तिला 'आई', 'काऊ', 'नको' आणि 'आनी' एवढंच बोलता यायचं. "कितू, काय खाल्लंस? बाटली? बाटलीतलं प्यायलीस?" मी विचारत होते, आणि ती माझ्या कानातलं ओढत "आनी, आनी" म्हणत होती. आणखी हवं होतं तिला. काय आणखी हवं होतं, ते कळायला मार्ग नव्हता.

फोनला रेंज नव्हती. सकाळपासूनच नव्हती. सुहास, माझा नवरा, गोव्यात कंपनीत. तो शनिवारी यायचा. दवाखाना व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे, आणि व्हाळावरचा कॉजवे श्रावणात दर दोन-चार दिवसांनी पाण्याखाली जायचा.

"पाणी हा कॉजवेवर," आप्पा म्हणाले. "पण ट्रॅक्टर जायत. आता जायत. गाडी नाय जावची."

ते मांगरात गेले. इंजिन दोनदा खोकून सुरू झालं, आणि ट्रॅक्टर अंगणात येऊन थडथडत उभा राहिला. माईंनी कितूवर प्लॅस्टिकचा कागद पांघरला. मी चाकावरच्या पत्र्यावर चढून बसले, एका हातात कितू, दुसऱ्या हातात बाजूचा दांडा. पाऊस सरळ खाली कोसळत होता. व्हाळाचा आवाज घरापर्यंत येत होता, दगड घरंगळल्यासारखा.

"घट्ट धर," आप्पा म्हणाले. "मधी गेल्यार खाली बघू नको. पाण्याकडे बघल्यार माणसाक फिराक होता. माझ्या पाठीकडे बघ."

मला पोहता येत नाही. मी सांगलीकडची, नदी लांबून बघितलेली. मी मनातल्या मनात ठरवत होते, की पाण्यात पडलेच तर कितूला कोणत्या हातावर धरायचं. तेवढ्यात दांड्यावरच्या माझ्या मनगटाकडे लक्ष गेलं.

कितूच्या गालाचा फेस तिथे लागला होता. त्यावर पाऊस पडत होता, आणि तो विरत नव्हता.

थुंकीचा फेस पावसात विरतो. साबणाचाही विरतो. हा गोळा होऊन बसला होता, फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा. मी तो दुसऱ्या हाताच्या बोटाने ओढला. त्याची तार निघाली.

"आप्पा, थांबा."

"काय?"

"थांबा. मला उतरायचंय."

हे कशामुळे, ते सांगायला हवं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच पावसात न्हाणीघराच्या भिंतीवर एक बेडूक चिकटलेला दिसला, आणि मी ओल्या केसांनीच बाहेर पळाले. बेडूक भिंत चढतो हेच मला माहीत नव्हतं. कितू झाल्यावर ती भीती दुप्पट झाली. बेडूक तिच्या पाळण्यात पडला तर? तिने तोंडात घातला तर? विषारी असला तर? मग मी एकेकाची ओळख करून घ्यायला लागले. ज्याचं नाव कळलंय, त्याची निदान झोपेत भीती वाटत नाही. संध्याकाळी दिवे लागले, की बॅटरी घेऊन मी घराभोवती फिरायची. कुड्याच्या झुडपांत टिकटिक करतो, तो नखाएवढा. त्याला शोधायला गेलं की गप्प होतो. घरात शिरतो, तो लाकडाच्या रंगाचा झाडबेडूक. बोटांच्या टोकांना गोल चकत्या, पाय मिटून बसला की खिळ्यावर अडकवलेलं सालपट वाटावं. आणि पाण्याच्या टाकीवर वाकलेल्या आमाड्याच्या झाडावर मोठा हिरवागार, बोटांमधल्या पडद्यांचा रंग तांबडा, तो उडता बेडूक. पानांच्या टोकाला फेसाचं घरटं करतो. फेसात अंडी. पिल्लं सुटी झाली की थेट खालच्या पाण्यात पडतात.

"काय मास्तरीणबाय, हजेरी घेतलंस?" आप्पा रोज विचारायचे. "सगळे हजर? कोण दांडी मारूक नाय मा?"

"तुम्ही हसा. माझं पोर लहान आहे."

"हसतंय नाय गो. वाडीत लोक म्हणतत, गवसांची सून बॅटरी घेवन भुता मोजता. मी सांगतंय, भुता नाय, पावणे मोजता."

तोच, बेडकाच्या घरट्याचा फेस होता हा. मी ट्रॅक्टरवरून उतरले, आणि उतरताना मला इतका आनंद झाला, की मी हसलेसुद्धा असेन. मग आमाड्याचं झाड डोळ्यांपुढे आलं, आणि तो आनंद तिथेच विझला.

त्या झाडाची सगळ्यांत खालची फांदी माझ्या डोक्यावर हातभर होती. टाकीची भिंत माझ्या छातीएवढी. दीड वर्षाचं मूल त्या घरट्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. मी धावत टाकीपाशी जाऊन पाहिलं. घरटी होती, उंच, जशीच्या तशी. एकही फाटलेलं नव्हतं.

"सुमेधा!" आप्पा इंजिनाच्या आवाजावरून ओरडले. "काय चललाहा तुझा?"

"हा बेडकाचा फेस आहे, आप्पा. औषधाचा नाही."

"खंयच्या बेडकाचो?"

कितू माझ्या कडेवर रडायला लागली होती. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात पुन्हा काहीतरी पांढरं चमकलं. पदराने पुसलं, तर पदरावर काही दिसेना.

"मांगरात बघून येते. बॅटरी द्या."

"बेडको बघूक जातंस?" माई अंगणात भिजत उभ्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, सांगा हिका कायतरी! पोर मरताहा आणि ही बेडको बघूक जाता!"

मरताहा हा शब्द माईंनी उच्चारला. आणि त्याच रडायला लागल्या.

मांगरात औषधाचा वास भरून राहिला होता, घशात बसणारा. बाटली उचलून पाहिली आणि तिथेच उभी ठेवली. झाकण होतं, पण तिरकं, आणि त्याखालून थोडं औषध मातीत ओघळलेलं. किती सांडलं आणि किती नाही, कळायला काही उपाय नव्हता. कितूचं तोंड हुंगलं. औषधाचाच वास आला. पण तो तिच्या तोंडाचा, की मांगराचा, की माझ्याच नाकात बसलेला? बॅटरी तिच्या डोळ्यांवर मारली. अशा विषाने बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, असं वाचलं होतं. कितूने डोळे गच्च मिटून घेतले आणि किंकाळी फोडली. तिचे डोळे काळेभोर. मिटता मिटता जे दिसलं, त्यात बाहुली कुठे संपते आणि डोळा कुठे सुरू होतो, ते समजलं नाही.

बाहेर इंजिन थडथडत होतं.

मी बॅटरी फिरवली. भिंती, वासे, पंप, नारळांचा ढीग. काही नाही. पुन्हा फिरवली, या वेळी माझी रोजची पद्धत आठवून: बेडूक शोधायचा नाही, न हलणारी जागा शोधायची. जिथे लाकूड नको तिथे लाकडाचा तुकडा.

निळ्या पिंपाच्या आतल्या कडेला, पाण्याच्या वर, एक तपकिरी सालपट चिकटलं होतं. निळ्या प्लॅस्टिकला सालपट कशाला असेल?

मी काडीने त्याला हलकेच ढोसलं. सालपटाला डोळे आले. त्याने एक मागचा पाय लांब केला, आणि मांडीच्या आतल्या बाजूला, काळपट रंगावर, पिवळे ठिपके बॅटरीच्या उजेडात लखलखले.

उडत्या बेडकाच्या मांडीवर ते नसतात. हा घरात शिरणारा झाडबेडूक होता. आणि झाडबेडकाला उंच फांदी लागत नाही. तो टाकीच्या भिंतीला, बादलीच्या कडेला, हाताच्या अंतरावर घरटं करतो. मी वाकून पिंपाच्या दुसऱ्या बाजूला पाहिलं. कितूच्या छातीच्या उंचीवर मूठभर फेस चिकटलेला होता, वरून पिवळट, जरा वाळलेला. त्याच्या मधोमध खड्डा होता, लहान बोटांनी ओरबाडलेला. आत फिकट, खसखशीपेक्षा थोडी मोठी अंडी.

"आनी," कितूने हात पुढे केला.

तिथेच बसून रडावं असं वाटलं. पण पायाशी ती बाटली होती. घरट्यापासून दोन हातांवर. कितूने फेस खाल्ला होता, हे आता मला ठाऊक होतं. फक्त फेसच खाल्ला का, हे अजून नव्हतं.

मी बाहेर आले. "बेडकाचाच फेस आहे. पिंपाला घरटं आहे, तिने ते खाल्लंय. बोटांच्या खुणा आहेत."

"आणि बाटली?" आप्पांनी विचारलं.

"झाकण आहे. पण सैल."

"म्हणजे काय? घेतल्यान की नाय?"

"माहीत नाही."

आप्पा ट्रॅक्टरवरून उतरले. त्यांच्या टोपीतून पाणी निथळत होतं. मला वाटलं, आता ते मला सरळ उचलून ट्रॅक्टरवर बसवतील, आणि खरं सांगते, त्यांनी तसं करावं, असंही वाटलं. त्यांनी ठरवावं. मी फक्त घट्ट धरून बसावं.

"तू काय म्हणतंस?" ते म्हणाले.

"मी हिचं तोंड पुसते, कपडे बदलते, हातपाय धुते. आणि बघते. विष असेल तर फेस परत येईल. लाळ गळेल, घाम फुटेल. आला तर निघू."

"थांबान थांबान काय जायत ता तुका ठावक आसा?" माई म्हणाल्या.

"पाणी वाढताहा गो बाय," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "आता जावक मिळात. मागसून मिळाचा नाय. तू थांबलंस, तर मग थांबलंसच."

"आणि आत्ता गेलो तर? आपण तिघं पोचूच?"

त्यांनी व्हाळाकडे मान वळवली. खोटं बोलायला ते तयार नसावेत. मग म्हणाले, "बाटली मी ठेवलंय. माका ठरवक येवचा नाय. माझा डोका ठिकाणार नाय. तू आवस, आई तेची. तू सांग." आणि ट्रॅक्टरच्या चाकावर हात ठेवून: "पण हो ट्रॅक्टर मी बंद करूचंय नाय. तू सांगशील तेवाच."

लोट्यावर मी कितूला मांडीवर घेऊन बसले. माईंनी रडता रडता गरम पाणी आणलं. तिचं तोंड आतून बाहेरून पुसलं. हातपाय साबणाने धुतले, झबलं लांब फेकलं, कोरडं फडकं तिच्या हनुवटीखाली धरलं. आणि मी तिच्या ओठांकडे बघत बसले.

अंगणात इंजिन चालू होतं. त्या आवाजाने लोट्याची जमीन थरथरत होती, आणि कितू थरथरतेय की जमीन, ते मला कळत नव्हतं. मी तिला मांडीवरून उचलून छातीशी धरायची, मग माझंच अंग थरथरतंय असं लक्षात यायचं.

तिच्या ओठावर एक बुडबुडा आला. फुटला. फडक्यावर ओला डाग.

"इलो!" माई ओरडल्या.

"दात येतायत तिला माई. लाळ रोजच गळते."

"ही रोजची?"

मी फडकं उलटलं आणि कोरडी बाजू लावली. आम्ही दोघी श्वास रोखून बघत होतो. डाग पडला नाही. थोड्या वेळाने एक पडला, लहान. मग बराच वेळ नाही.

मग कितूच्या पापण्या मिटायला लागल्या.

त्या क्षणाची भीती मला अजून आठवते. दुपारची तिची झोप मोडली होती, झोप येणारच होती. पण विषानेही झोप येते. दोन्ही झोपा सारख्याच दिसतात. तळपायाला गुदगुल्या केल्या. तिने पाय ओढून घेतला आणि पुन्हा डोळे मिटले.

"झोपाक दी नको," माई माझ्याजवळ सरकल्या. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, कितूच्या तोंडाशी तोंड नेऊन. "कितूबाय, काऊ खंय गेलो? काऊ इलो बघ! भूर्र! बघ गो माझ्या सोन्या, आजयेक बघ." त्यांचा आवाज कापत होता, गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि हात काऊचे पंख करत होते. कितूने डोळे उघडले, आजीकडे रागाने बघितलं, आणि तिच्या नाकावर चापट मारली.

"मार, मार," माई म्हणाल्या. "जोरान मार."

लोट्याच्या कडेला पावसाचा पण स्वच्छ उजेड होता. मी कितूला तिकडे तोंड करून धरलं. माझ्या तळव्याने तिचे डोळे झाकले. ती हात ढकलत होती, मी ढकलू दिला नाही. मग हात एकदम काढला आणि वाकून, नाकाला नाक लावून, त्या काळ्या डोळ्यात बघितलं. आधी काहीच दिसलं नाही. पुन्हा झाकला. पुन्हा काढला. या वेळी दिसलं: काळ्याच्या आत आणखी काळं, मोठं, आणि उजेड पडताच ते आकसलं. आकसण्याआधी ते मोठं होतं. टाचणीच्या टोकाएवढं नव्हतं.

"माई, दिसलं."

"काय दिसला?"

मी पुन्हा पुन्हा तेच करत राहिले, झाकायची आणि काढायची. कितूला तो खेळ वाटला आणि ती हसायला लागली.

आप्पा मधल्या वेळात कॉजवेपर्यंत चालत जाऊन आले होते. ते अंगणात आले ते मांडीपर्यंत चिखलाने भरलेले.

"जावचा तर ह्याच घडयेक," ते म्हणाले. "ह्या घडयेक, बाय. मग नाय."

माई माझ्याकडे बघत होत्या. मघाची सगळी भांडणं त्यांच्या चेहऱ्यावरून गेली होती. फक्त वाट बघणं उरलं होतं. कितूच्या हनुवटीखालचं फडकं मी चाचपलं. कोरडं होतं. तिचं कपाळ चाचपलं. कोरडं होतं. मला खात्री नव्हती. मी कितीही बेडूक ओळखले असते तरी ती खात्री मला कुणी दिली नसती.

"आप्पा," मी म्हटलं. इंजिनाच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं नाही. मी उठले, कितूला घेऊन पायरीवर आले, पावसात, आणि पुन्हा म्हटलं.

"बंद करा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसऱ्यांदा सांगेन म्हणून ते थांबले असावेत. मी सांगितलं नाही, आणि मागेही फिरले नाही. मग त्यांनी हात लांब करून ट्रॅक्टर बंद केला.

जी शांतता झाली, तिची मला इंजिनाच्या आवाजापेक्षा जास्त भीती वाटली. मी तशीच उभी राहिले, पावसात, डोळे मिटून. मग त्या शांततेत, माझ्या गळ्यापाशी, आतापर्यंत इंजिनामुळे न ऐकू आलेला कितूचा श्वास ऐकू यायला लागला. एक आत. एक बाहेर. मग पुन्हा एक.